दोन देशांची लाकूड-लगद्याची आयात: वर्षानुवर्षांची तुलना कशी करावी

चीन आणि जपान यांची लाकडाच्या लगद्याची आयात एकाच आलेखावर मांडली की चित्र अगदी ठळक दिसते. १९९० च्या दशकात जपान वर, वर्षाला तीस लाख टनांच्या आसपास. चीन बराच खाली. २००० च्या सुमारास दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात आणि त्यानंतर चीनची रेषा अशी उसळी घेते की जपानची रेषा तळाशी आडवी झोपल्यासारखी वाटते. खरे तर तीही आडवी नाही. उतरत उतरत साधारण निम्म्यावर आली आहे. बघणारा लगेच म्हणतो, चीनची कागदाची गरज वाढली, जपानची आटली.

हे विधान सपशेल खोटे नाही, पण या आलेखातून ते निघत नाही. जपानचे कारखाने तयार लगद्यापेक्षा कितीतरी जास्त लाकूड चिप्सच्या, म्हणजे बारीक तुकड्यांच्या रूपात आणतात आणि लगदा घरीच करतात. चीनने रद्दी कागदाची आयात बंद केल्यावर तिथल्या गिरण्यांची काही गरज लगद्याकडे वळली. शिवाय 'लगदा' या एका नावाखाली कोणी काय काय मोजले आहे, त्यावर आकडा लाखो टनांनी हलतो. दोन देशांच्या रेषांमध्ये दिसणारा फरक किती व्यापाराचा आणि किती मोजणीचा, हे वेगळे काढणे हेच या कामातले मुख्य कष्ट. आलेख काढायला पाच मिनिटे लागतात.

पुढची कृती चीन-जपान हीच जोडी धरून सांगतो. देश बदलले तरी पायऱ्या त्याच राहतात.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

'तुलना करायची आहे' हा प्रश्न नव्हे. लगदा विकणाऱ्याला कुठली बाजारपेठ मोठी हे हवे असेल, तर टन मोजा, आणि तेही प्रकारवार. देशाचे परकीय चलन किती जाते हे पाहायचे असेल तर डॉलर मोजा. कागद उद्योग परदेशी लगद्यावर किती अवलंबून आहे हे हवे असेल, तर नुसती आयात पुरत नाही. देशी उत्पादन अधिक आयात वजा निर्यात अशी बेरीज करून एकूण वापर काढावा लागतो आणि आयातीला त्याने भागावे लागते. आणि देश कागद किती वापरतो हा प्रश्न असेल, तर लगद्याची आयात हे साधनच चुकीचे आहे. कागद आणि पुठ्ठ्याचे आकडे घ्या.

हे वाक्य तक्त्याच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा. पुढे कोड निवडताना, एकक ठरवताना, वर्षे कापताना त्याच्याकडेच बघायचे असते.

दुसरी पायरी: कोणता लगदा?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

जगभरचे सीमाशुल्क विभाग माल ज्या पद्धतीने वर्गीकृत करतात ती एचएस, म्हणजे हार्मोनाइज्ड सिस्टिम, १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. त्यातले प्रकरण ४७ लगद्याचे. चार आकडी शीर्षके अशी: ४७०१ यांत्रिक लगदा, म्हणजे लाकूड नुसते दळून केलेला, ४७०२ विरघळणारा, अर्थात डिझॉल्व्हिंग दर्जाचा रासायनिक लगदा, ४७०३ सोडा किंवा सल्फेट पद्धतीचा रासायनिक लगदा, ज्याला कारखान्यात क्राफ्ट म्हणतात, ४७०४ सल्फाइट लगदा, ४७०५ यांत्रिक आणि रासायनिक दोन्ही प्रक्रियांमधून गेलेला, ४७०६ रद्दी कागदापासून किंवा लाकडाव्यतिरिक्त इतर तंतूंपासून केलेला, आणि ४७०७ चक्क रद्दी कागद.

म्हणजे 'प्रकरण ४७' असे दोन आकडी निवडून आकडे उतरवले, तर रद्दी कागद आपोआप आत येतो. जपानच्या बाबतीत याने फार बिघडत नाही, कारण जपान रद्दी आणतो कमी आणि बाहेर पाठवतो जास्त. चीनच्या बाबतीत मात्र सत्यानाश होतो. २०१२ च्या सुमारास चीन वर्षाला तीन कोटी टनांच्या आसपास रद्दी कागद आयात करत होता, त्या वेळच्या लगद्याच्या आयातीपेक्षा कितीतरी अधिक. ती आयात २०२० पर्यंत सत्तर लाख टनांच्या आसपास आली आणि २०२१ मध्ये जवळपास संपली. दोन आकडी कोडने काढलेली चीनची रेषा त्यामुळे भलतीच कहाणी सांगते: लगद्याची आयात वाढत असताना ती कोसळल्याचे दाखवते. एसआयटीसी या संयुक्त राष्ट्रांच्या जुन्या व्यापार-वर्गीकरणातही हाच सापळा आहे. त्यातला गट २५१ म्हणजे 'लगदा आणि रद्दी कागद', दोन्ही एकत्र. त्यातला २५१.१ हा रद्दीचा उपगट वजा केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

'लाकडाचा लगदा' असे काटेकोर म्हणायचे असेल तर ४७०१ ते ४७०५ यांची बेरीज घ्या. ४७०६ बाहेर ठेवा, पण फेकून देऊ नका. शेजारच्या स्तंभात स्वतंत्र ठेवा. चीनचे सीमाशुल्क खाते महिन्याकाठी 'लगदा' म्हणून जो एकत्र आकडा जाहीर करते त्यात ४७०६ सुद्धा असतो. रद्दीवर बंदी आल्यानंतर रद्दीपासून केलेला लगदा, कोड ४७०६.२०, आग्नेय आशियातून चीनमध्ये येऊ लागला. त्यामुळे बातमीतला चिनी आकडा आणि तुमची ४७०१ ते ४७०५ ची बेरीज जुळणार नाही, आणि ती जुळू नयेच. एका देशाचा आकडा बातमीतून आणि दुसऱ्याचा डेटाबेसमधून घेतला की तुलना तिथेच मोडते.

डिझॉल्व्हिंग लगद्याचा विचारही आधीच करा. तो बहुतेक कागदासाठी जातच नाही; त्यापासून व्हिस्कोस धागा होतो. त्याची व्याख्या एचएसमध्ये बारकाईने दिली आहे: १८ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात २० अंश सेल्सिअसला तासभर ठेवल्यावर सोडा किंवा सल्फेट लगद्याचा किमान ९२ टक्के आणि सल्फाइट लगद्याचा किमान ८८ टक्के भाग न विरघळता उरला पाहिजे. प्रश्न कागद उद्योगाचा असेल तर ४७०२ वगळा. चीनमध्ये व्हिस्कोसचा उद्योग प्रचंड आहे, म्हणून तिथे ही वजाबाकी नगण्य नसते. या एका कोडवर धोरणाचाही परिणाम दिसतो: एप्रिल २०१४ मध्ये चीनने अमेरिका, कॅनडा आणि ब्राझील येथून येणाऱ्या अशा लगद्यावर अँटी-डम्पिंग शुल्क, म्हणजे फार स्वस्तात ओतलेल्या मालावरचे जादा शुल्क लावले. सगळे कोड एकत्र करून टाकले तर असा बदल बेरजेत बुडून जातो.

४७०३ च्या पोटात आणखी एक महत्त्वाची फोड आहे. ४७०३.२१ म्हणजे सूचिपर्णी झाडांचा विरंजित किंवा अर्धविरंजित, म्हणजे पूर्ण किंवा अर्धवट पांढरा केलेला क्राफ्ट लगदा, ज्याचे तंतू लांब; हा कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड, चिली अशा देशांतून येतो. ४७०३.२९ म्हणजे सूचिपर्णी नसलेल्या झाडांचा, मुख्यतः निलगिरी आणि अकेशियाचा, आखूड तंतूंचा. हा ब्राझील, उरुग्वे, इंडोनेशिया, चिली इथून. कागदाला ताकद लांब तंतू देतात, मऊपणा आणि छपाईला चांगला पृष्ठभाग आखूड तंतू देतात. टिश्यूचा उद्योग वाढतो तिथे आखूड तंतूंची मागणी ठळकपणे वाढते. माझे मत विचाराल तर या दोन कोडच्या दोन वेगळ्या रेषा एकूण लगद्याच्या एका रेषेपेक्षा जास्त सांगून जातात. वेळ कमी असेल तर निदान एवढी फोड करा.

तिसरी पायरी: आकडे कुठून घ्यायचे

दोन स्रोत पुरेसे आहेत. अन्न आणि कृषी संघटनेचा एफएओस्टॅट आणि संयुक्त राष्ट्रांचा कॉमट्रेड हे दोन डेटाबेस.

एफएओस्टॅटच्या वनविभागात १९६१ पासूनची मालिका मिळते: उत्पादन, आयात, निर्यात, टन आणि डॉलर. लगदा तिथे हवाकोरड्या टनांत (ठरावीक पाणी धरून; हिशेब चौथ्या पायरीत) असतो, वर्गवारी एकसारखी ठेवलेली असते आणि 'लाकडाचा लगदा' या बेरजेत डिझॉल्व्हिंग दर्जा धरलेला असतो. रद्दीपासूनचा लगदा आणि इतर तंतूंचा लगदा वेगळे दाखवतात. लांब पल्ल्याच्या तुलनेला हाच स्रोत घ्या. मात्र कुठल्या देशातून किती हे हवे असेल तर तिथली द्विपक्षीय मालिका १९९७ पासूनच आहे.

कॉमट्रेडमध्ये सहा आकडी कोडपर्यंत, प्रत्येक पुरवठादार देशानुसार तपशील मिळतो. पण एचएसमधली मालिका देशाने ही पद्धत स्वीकारल्यापासून सुरू होते. जपानची १९८८ पासून, चीनची १९९२ पासून. म्हणजे या जोडीसाठी सहा आकडी तुलना १९९२ च्या मागे नेता येत नाही. मागे जायचेच असेल तर एसआयटीसी घ्या, पण मग संपूर्ण मालिका एसआयटीसीमध्येच ठेवा. मध्येच वर्गीकरण बदलून रेषा जोडू नका.

कॉमट्रेडमधून उतरवताना निवड अशी करा: अहवाल देणारा देश म्हणून चीन आणि जपान, प्रवाह म्हणून आयात, भागीदार म्हणून आधी फक्त 'जग', कोड म्हणून ४७०१ ते ४७०७ एकेक करून, कालावधी वार्षिक. भागीदारांत 'जग' आणि सगळे देश दोन्ही निवडून सरसकट बेरीज केली तर आकडा बरोबर दुप्पट येतो. ही चूक इतकी नेहमीची आहे की कोणाचाही चिनी आकडा दुप्पट दिसला तर आधी तेवढेच विचारावे. पुरवठादार देशांची यादी दुसऱ्या फाइलमध्ये स्वतंत्र उतरवा. त्या यादीत चीनच्या आयातीत भागीदार म्हणून खुद्द चीनच दिसला तर दचकू नका. बाहेर पाठवलेला माल परत आला की त्याची नोंद तशी होते.

तक्ता उभा ठेवा: प्रत्येक ओळीत एक देश, एक वर्ष, एक कोड, पुढे किलो, डॉलर, स्रोत आणि शेरा. वर्षे आडवी पसरलेला तक्ता डोळ्यांना बरा वाटतो, पण त्यात शेरा लिहायला जागा उरत नाही, आणि या कामात शेऱ्यांनाच किंमत आहे. आडवा तक्ता हवा तेव्हा स्प्रेडशीटमधल्या पिव्होट टेबलने काढता येतो. उतरवलेली मूळ फाइल मात्र हात न लावता तशीच जपून ठेवा.

एककांचा फेर लगेच दुरुस्त करा. कॉमट्रेडचे निव्वळ वजन किलोत आणि मूल्य डॉलरमध्ये असते. एफएओस्टॅटमध्ये वजन टनांत आणि मूल्य हजार डॉलरमध्ये. दोन्ही फाइली एकत्र लावताना हजाराचा फरक पडला की तो नेमका इथून आलेला असतो.

चौथी पायरी: ओला टन, कोरडा टन

लगद्यात पाणी असते, आणि ते किती असावे यावर व्यापाराचा एक ठरलेला करार आहे. हवाकोरडा टन म्हणजे ९० टक्के कोरडे तंतू आणि १० टक्के पाणी. बाजारातला बहुतेक लगदा याच हिशेबाने विकला जातो. पण काही लगदा न वाळवता, ओल्या थरांच्या रूपात निघतो. समजा एका खेपेचे निव्वळ वजन १००० किलो आहे आणि त्यात निम्मे पाणी आहे. कोरडे तंतू ५०० किलो. त्याला ०.९ ने भागले की हवाकोरडे वजन सुमारे ५५६ किलो येते. सीमाशुल्काच्या कागदावर मात्र १००० लिहिलेले असू शकते.

युरोपीय संघाने यावर चांगला उपाय केला आहे. त्यांच्या नामावलीत लगद्याच्या कोडना निव्वळ वजनाबरोबर '९० टक्के कोरड्या पदार्थाचे किलो' असे पूरक एकक दिले आहे. तुमच्या जोडीतला एक देश युरोपीय संघातला असेल तर हा स्तंभ वापरा. चीन-जपानसारख्या जोडीत, जिथे माल समुद्र ओलांडून येतो, तिथे पाण्याचे भाडे भरायला कोणी तयार नसतो, म्हणून हा फरक लहान राहतो. शेजारच्या देशातून रेल्वेने किंवा ट्रकने येणाऱ्या मालात तो मोठा असू शकतो.

पाचवी पायरी: डॉलरकडे संशयाने पाहा

मूल्याच्या रेषेत तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: माल, भाव आणि भाडे.

भाड्यापासून सुरू करू. बहुतेक देश आयातीची नोंद सीआयएफ मूल्याने करतात, म्हणजे मालाची किंमत अधिक विमा अधिक बंदरापर्यंतचे भाडे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आयात एफओबी पद्धतीने, भाड्याशिवाय, धरतात; अमेरिका सीआयएफ आकडाही स्वतंत्र देते. चीन आणि जपान दोघेही सीआयएफ वापरतात, म्हणून ही जोडी सुदैवी. चीन आणि अमेरिका अशी जोडी घेतली तर अमेरिकेचा सीआयएफ आकडा शोधूनच पुढे जा. लगदा हा वजनाच्या मानाने स्वस्त माल असल्याने त्यात भाड्याचा वाटा डोळ्यांत भरण्याइतका असतो.

भावाचे प्रकरण अधिक गंभीर आहे. लगद्याचे भाव वरखाली होण्यात कुप्रसिद्ध आहेत. १९९५ मध्ये उत्तरेकडच्या सूचिपर्णी क्राफ्ट लगद्याचा युरोपातला भाव टनाला हजार डॉलरपर्यंत गेला आणि पुढच्याच वर्षी जवळजवळ निम्म्यावर आला. त्या दोन वर्षांतली डॉलरमधली आयात पाहून कोणी 'मागणी कोसळली' असे लिहिले तर ते भावाबद्दल लिहीत असतात, मागणीबद्दल नाही.

भाव आणि माल वेगळे कसे करायचे ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. एका देशाने पहिल्या वर्षी ४ लाख टन लगदा ६०० डॉलर भावाने आणला: २४ कोटी डॉलर. दुसऱ्या वर्षी ५ लाख टन ७५० डॉलरने: ३७.५ कोटी. वाढ १३.५ कोटींची. मालाच्या वाढीचा वाटा काढायचा तर टनांतला फरक गुणिले दोन्ही वर्षांचा सरासरी भाव: १ लाख × ६७५, म्हणजे ६.७५ कोटी. भाववाढीचा वाटा म्हणजे भावातला फरक गुणिले सरासरी टन: १५० × ४.५ लाख, म्हणजे पुन्हा ६.७५ कोटी. बेरीज बरोबर १३.५. ५६ टक्क्यांनी फुगलेल्या बिलातली निम्मी वाढ केवळ भावाची निघाली. दोन्ही देशांसाठी हीच फोड दरवर्षी करा, आणि शक्य असेल तर लांब आणि आखूड तंतूंसाठी वेगळी करा. दोन देश एकाच वर्षी वेगवेगळा सरासरी भाव देताना दिसले तर त्यामागे बहुधा सौदेबाजी नसते. एकाच्या टोपलीत महाग प्रकार जास्त असतो, इतकेच.

दीर्घ मालिकेत महागाईचाही प्रश्न येतो. मूल्याची तुलना वीस-तीस वर्षांवर नेणार असाल तर डॉलर एखाद्या ठरावीक वर्षाच्या किमतीत आणा. टन मोजत असाल तर ही झंझट नाही, आणि म्हणूनच प्रश्न मुद्दाम पैशाचा नसेल तर मी टनांनाच पसंती देतो.

सहावी पायरी: देश म्हणजे कोणता भूभाग

एफएओस्टॅटच्या यादीत 'चीन' आणि 'चीन, मुख्य भूमी' असे दोन वेगळे पर्याय आहेत. पहिल्यात हाँगकाँग, मकाऊ आणि तैवान धरलेले असतात. कॉमट्रेडचा 'चीन' म्हणजे मुख्य भूमी. तैवानचे आकडे तिथे 'इतर आशिया' या नावाखाली सापडतात. एफएओस्टॅटमधून पहिला पर्याय उचलला आणि कॉमट्रेडशी ताडून पाहिला की फरक पडणारच, आणि तो चीनच्या आकडेवारीचा दोष नसतो.

इतर जोड्यांत काळाचे सांधे तपासा. जर्मनीची मालिका १९९० च्या एकीकरणापाशी, सोव्हिएत संघाची १९९१ ला, चेकोस्लोव्हाकियाची १९९२ अखेर तुटते. बेल्जियम आणि लक्झेंबर्ग १९९८ पर्यंत एकत्र नोंद करत. युरोपीय संघातल्या देशांचा आपसांतला व्यापार १९९३ पासून सीमेवरच्या कागदांऐवजी कंपन्यांच्या विवरणांमधून मोजला जातो, म्हणून त्या वर्षी रेषेत दचका दिसला तर आधी पद्धतीवर शंका घ्या.

नेदरलँड्सचा उल्लेख वेगळा करायला हवा. तिथल्या बंदरांत उतरणारा माल मोठ्या प्रमाणात पुढे जर्मनीसारख्या देशांत जातो, तरी आयातीत त्याची नोंद होते. अशा देशाची तुलना करायची तर आयातीतून निर्यात वजा करून निव्वळ आयात घ्या.

वर्ष म्हणजे कोणते वर्ष हेही पाहा. कॉमट्रेड आणि एफएओस्टॅट सहसा जानेवारी ते डिसेंबर धरतात, पण राष्ट्रीय संकेतस्थळे काही ठिकाणी एप्रिल ते मार्च असे आर्थिक वर्ष देतात. मासिक तुलना करणार असाल तर चीनचे जानेवारी आणि फेब्रुवारी एकत्र जोडून घ्या. चांद्र नववर्ष कधी एका महिन्यात येते, कधी दुसऱ्या, आणि चिनी सीमाशुल्क खातेही २०२० पासून या दोन महिन्यांचा सुरुवातीचा आकडा एकत्रच जाहीर करते.

सातवी पायरी: आकड्यांची झडती

प्रत्येक ओळीत डॉलरला टनांनी भागा. येणारा प्रतिटन भाव दोन्ही देशांसाठी एका आलेखावर ठेवा. दोन्ही रेषा साधारण एकत्र वर-खाली झाल्या पाहिजेत, कारण लगद्याची बाजारपेठ जागतिक आहे. एखाद्या वर्षी एका देशाची रेषा एकटीच उडाली तर त्या वर्षीचे वजन संशयास्पद समजा. दहापट फरक भावाचा कधीच नसतो. तो एककाचा किंवा टंकलेखनाचा असतो. कॉमट्रेडमध्ये निव्वळ वजन अंदाजित आहे का हे सांगणारा स्तंभ असतो, एफएओस्टॅटमध्ये प्रत्येक आकड्याशेजारी तो अधिकृत की अंदाजित याची खूण असते. ती शेऱ्यात उतरवून घ्या. वजनच जर मूल्यावरून अंदाजलेले असेल, तर त्यावरून पुन्हा भाव काढणे म्हणजे गोल गोल फिरणे.

दुसरी चाचणी आरशाची. ब्राझील म्हणतो चीनला इतका लगदा पाठवला. चीन म्हणतो ब्राझीलकडून इतका आला. हे दोन आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. निर्यात एफओबी, आयात सीआयएफ. शिवाय ब्राझीलहून निघालेल्या जहाजाला पोहोचायला महिन्याहून अधिक लागतो, म्हणून डिसेंबरात निघालेला माल पुढच्या वर्षाच्या आयातीत पडतो. काही टक्क्यांचा फरक सोडून द्या. मोठा फरक वर्षानुवर्षे एकाच दिशेला असेल तर कारण शोधा. उरुग्वेचे उदाहरण बोलके आहे: तिथले मोठे लगदा कारखाने मुक्त व्यापार क्षेत्रांत आहेत, त्यामुळे देशाच्या नेहमीच्या निर्यात नोंदीत आणि आयातदारांच्या नोंदीत मेळ बसेलच असे नाही. अशा वेळी आयातदाराचा आकडा जास्त विश्वासाचा.

एखाद्या वर्षाचा आकडाच नसेल तर तिथे शून्य टाकू नका. रिकामे ठेवा, रेषा तुटू द्या. भरायचेच असेल तर आरशातला आकडा घ्या आणि तो वेगळ्या रंगात दाखवा.

आठवी पायरी: आलेख

सगळ्यात आधी नुसते टन, दोन रेषा, एकच उभा अक्ष. दोन देशांना डावा आणि उजवा असे दोन अक्ष देऊ नका. दोन अक्षांवर कुठल्याही दोन रेषा हव्या तिथे छेदवता येतात. तो आलेख माहिती देत नाही, मन वळवतो.

त्यानंतर गतीची तुलना. समजा अ देशाची आयात दहा वर्षांत २० लाखांवरून ५० लाख टनांवर गेली आणि ब ची २ लाखांवरून ८ लाखांवर. ब चौपट झाला, वर्षाला सरासरी १४.९ टक्के, अ अडीचपट, वर्षाला ९.६ टक्के. पण दोघांमधली दरी १८ लाखांवरून ४२ लाख टनांवर गेली. ब वेगाने पुढे येतोय आणि तरीही मागे पडतोय, ही दोन्ही विधाने खरी आहेत. म्हणून निर्देशांकाचा आलेख, म्हणजे पहिले वर्ष १०० धरून काढलेला, एकटा कधीच देऊ नये. शेजारी टनांचा हवाच. उभ्या अक्षावर लॉग मापन घेतले तर एका आलेखात दोन्ही कामे बरीचशी होतात, कारण त्यात सारखा उतार म्हणजे सारखा टक्केवारी वेग.

आधारवर्ष निवडताना भावाच्या शिखराचे किंवा मंदीचे वर्ष टाळा. १९९५ किंवा २००९ ला १०० धरले की पुढची सगळी रेषा त्या एका वर्षाच्या विचित्रपणावर उभी राहते. तीन वर्षांची सरासरी १०० धरणे केव्हाही बरे. चक्रवाढ वेग काढतानाही दोन्ही टोकांना तीन-तीन वर्षांची सरासरी घ्या.

नववी पायरी: रेषा वळली ती का

आता सुरुवातीच्या जोडीकडे. चीन २००१ च्या डिसेंबरात जागतिक व्यापार संघटनेत गेला, कागद उद्योग फोफावला, आणि देशात लांब तंतूंचे लाकूड अपुरे. आयात वर जाण्याचे हे मूळ. पण २०१८ नंतरच्या वाढीत रद्दी कागदावरच्या निर्बंधांचा हात आहे, आणि तो वेगळा दाखवायचा असेल तर ४७०७ आणि ४७०६.२० या दोन रेषा त्याच आलेखाखाली लावा. एक खाली जाते, दुसरी वर येते. मग लगद्याच्या रेषेतला नवा उठाव किती गरजेचा आणि किती बदलीचा याचा अंदाज येतो.

जपानसाठी आणखी दोन कोड आणा: ४४०१.२१ आणि ४४०१.२२, म्हणजे सूचिपर्णी आणि इतर झाडांच्या चिप्स. १९६० च्या दशकापासून जपानने चिप्स वाहणारी खास जहाजे चालवली आणि कित्येक दशके तो जगातला सर्वांत मोठा चिप आयातदार होता. नंतर चीनने ती जागा घेतली. २०१० च्या दशकात जपानची चिप आयात वर्षाला कोटीभर कोरड्या टनांच्या घरात होती. रासायनिक पद्धतीने लाकडाच्या साधारण निम्म्या वजनाचा लगदा निघतो, म्हणजे एवढ्या चिप्समधून अंदाजे पन्नास लाख टन लगदा. जपानच्या थेट लगदा-आयातीच्या हा कितीतरी पट आहे. लगद्याची रेषा एकटी पाहून जपानला परदेशी तंतूंची गरज उरलेली नाही असे म्हणणे किती चुकीचे ठरले असते, ते इथे कळते.

ही सगळी रूपे एका मापात आणायची तर 'लगदा-समतुल्य' स्तंभ करा: आयात लगदा जसाच्या तसा, रासायनिक लगद्यासाठीच्या चिप्सचे कोरडे वजन गुणिले सुमारे ०.५, रद्दी कागदाला घट वजा करून साधारण ०.८. हे गुणक ढोबळ आहेत; यांत्रिक लगद्यात लाकडाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग टिकतो, डिझॉल्व्हिंगमध्ये निम्म्याहून बराच कमी. म्हणून समतुल्य आकडा पूर्ण लाखांतच लिहा, दशांश चिन्हे देऊन खोटी अचूकता दाखवू नका. आणि मूळ रेषा पुसू नका. समतुल्य रेषा तिच्या शेजारी राहू द्या.

शेवटी आलेखाखालची टीप लिहा. ती साधारण अशी असावी: 'चीन, मुख्य भूमी, आणि जपान, एचएस ४७०१ ते ४७०५, डिझॉल्व्हिंग दर्जासह, निव्वळ वजन, लाख टन, कॅलेंडर वर्ष, आयातदाराने नोंदवलेले आकडे, अमुक वर्षाचे वजन अंदाजित, अमुक तारखेला उतरवले.' उतरवल्याची तारीख लिहायला विसरू नका, कारण दोन्ही डेटाबेस मागची वर्षे गुपचूप सुधारत असतात. पुढच्या वर्षी आलेख ताजा करताना जुन्या तक्त्याला फक्त एक नवी ओळ जोडू नका. दोन्ही देशांची संपूर्ण मालिका नव्याने उतरवा आणि जुन्या फाइलशी ताडून कुठले आकडे हलले ते शेऱ्यात लिहा.